साप चावल्यावर देवस्थानात न्या म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

पावसाळा लागला की हा मेसेज फिरायला लागतो. यंदा तो माझ्या मामींनी मला पाठवला, खाली लिहिलं होतं 'जपून ठेव, कामाला येईल'. मामा-मामी शेतातल्या वस्तीवर राहतात, खाली अंथरूण टाकून झोपतात, म्हणून यावेळी मला गप्प बसवेना.

मेसेज थोडक्यात असा. भारतात सापांच्या ५५० जाती, त्यातल्या फक्त १० विषारी, माणसं विषाने नाही तर भीतीने मरतात. दवाखान्यातलं इंजेक्शन म्हणजे डॉक्टरांचा धंदा, त्याच्या रिअ‍ॅक्शननेच पेशंट जातो. अमुक देवस्थानात नेलं की विष उतरतं, आजवर तिथे एकही दगावला नाही. आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा हा आपल्या श्रद्धेवर घाला आहे.

आकडे तर सरळ चूक आहेत. आपल्याकडे सापांच्या तीनशेच्या वर जाती, त्यातल्या साठेक विषारी. आणि भीतीने मरतात म्हणे! 'मिलियन डेथ स्टडी' नावाचा मोठा अभ्यास आहे, २०२० साली छापून आला, त्यात २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली असं निघालं, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, बहुतेक खेड्यातली, बरेचसे मृत्यू घरीच झालेले, आणि निम्मे जून ते सप्टेंबरमधले. एवढी माणसं घाबरून मेली का?

पण माझा खरा राग आहे तो 'एकही दगावला नाही' यावर. चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात, धामण, दिवड, तस्कर, कवड्या. विषारी सापसुद्धा कधीकधी नुसता चावतो, विष सोडत नाही. म्हणजे ज्यांना पान लागलं, साप चावला, म्हणून मांत्रिकाकडे नेतात त्यातले कितीतरी जण काहीही न करता घरी चालत आले असते, त्यांचं श्रेय मांत्रिकाला मिळतं. आणि ज्याची तब्येत तिथे बसल्या बसल्या बिघडते त्याला शेवटी गाडीत घालून सरकारी दवाखान्यात पळवतात, तो तिथे पोचल्यावर जातो, आणि मग गावात म्हणतात दवाखान्यात नेला म्हणून गेला. देवस्थानात मेलेला माणूस दिसणार कुठून!

मण्यारीचं तर नीट समजून घ्या, कारण खाली झोपणाऱ्यांना तीच चावते. रात्री येते, दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज नाही, आग नाही. माणूस म्हणतो काहीतरी चावलं वाटतं आणि परत झोपतो. काही तासांनी पोटात दुखायला लागतं, पापण्या उचलत नाहीत, जीभ जड होते, गिळता येत नाही, आणि मग श्वासाचे स्नायूच थांबतात. हे मधले तास मांत्रिकाकडे जातात. पेशंट बसलाय, बोलतोय, कडुलिंबाचा पाला चावतोय, सगळे म्हणतात उतरलं. पापण्या मिटायला लागल्या की म्हणतात जागरण झालं. तोपर्यंत विषाने नसांची टोकं निकामी केलेली असतात, आणि मग उशिरा दिलेल्या इंजेक्शनने ती लगेच सुधारत नाहीत, कितीतरी दिवस व्हेंटिलेटरच लागतो. तो आधीपासून लावला तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो.

घोणस-फुरशाला तर साधी टेस्ट आहे, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं, गोठलं नाही तर विष भिनलंय. ही टेस्ट ग्रामीण रुग्णालयातही होते.

आता रिअ‍ॅक्शन. येते, नाही म्हणत नाही. हे औषध घोड्याच्या रक्तातून बनतं त्यामुळे खाज, थंडी, बीपी पडणं होऊ शकतं, म्हणून तर रिअ‍ॅक्शनवरचं औषध ॲड्रेनलिन भरून बाजूला ठेवतात आणि दवाखान्यातच देतात. धंदा म्हणाल तर सरकारी दवाखान्यात ते फुकट आहे. हां, प्राथमिक आरोग्य केंद्रात कधी डॉक्टर नसतो, कधी स्टॉक नसतो, 'पुढे न्या' म्हणून चिठ्ठी देतात आणि पुढच्या ठिकाणी पोचेपर्यंत जीव टांगणीला लागतो, हे मात्र खरं आहे आणि लोकांचा विश्वास तिथेच उडतो. पण त्याचा जाब आरोग्य केंद्राला विचारायचा, पेशंटला मांत्रिकापुढे बसवून काय मिळणार?

कायद्याचं म्हणाल तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात पूजेला, नवसाला, नागपंचमीला कुठेही बंदी नाही. साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे, ६ महिने ते ७ वर्षं शिक्षा. माझ्या मामी रोज देवपूजा करतात, करू देत, साप चावला तर गाडीत बसूनही नाव घेता येतं.

मामींना मी एवढंच कळवलंय: कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, पाय हलवू द्यायचा नाही, १०८ ला फोन. खूण दिसत नसली तरी जायचं. आणि मामांना सांगितलंय, या आठवड्यात केंद्रात जाऊन सापाच्या इंजेक्शनच्या किती बाटल्या शिल्लक आहेत ते विचारून या, सुरुवातीलाच आठ-दहा लागतात. कमी असल्या तर ग्रामसभेत लेखी मागा.