‘दुखला तरी पोहत राहा, खांदा आपोआप मोकळा होईल’ : एका सल्ल्याची तपासणी

उन्हाळी बॅचेस सुरू झाल्या की पोहणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : पोहण्यात सांध्यांवर ताण येतच नाही, त्यामुळे खांदा दुखला तर तो फक्त आखडला आहे असे समजावे, भरपूर स्ट्रेचिंग करून पोहणे तसेच चालू ठेवावे, म्हणजे तो मोकळा होईल, आणि तरीही दुखणे थांबले नाही तर एमआरआय काढून शस्त्रक्रिया उरकून घ्यावी. यातले पहिले विधान अर्धे खरे आहे. उरलेली तीन त्या अर्ध्या सत्यावर उभी आहेत आणि त्यांनी नुकसानच होण्याचा संभव अधिक आहे.

शरीराचे बरेचसे वजन पाणी तोलून धरते, म्हणून पळण्याच्या मानाने पोहणे गुडघ्यांना आणि घोट्यांना पुष्कळ सुसह्य असते, हे मान्यच आहे. खांद्याचा हिशेब मात्र निराळा आहे, कारण फ्रीस्टाइलमध्ये अंग पुढे नेण्याचे बहुतेक काम हातच करतात. 25 मीटरच्या तलावात एका लांबीला साधारण 20 हात मारावे लागतात असे धरले, तर एका किलोमीटरला 800 हात होतात आणि प्रत्येक खांद्याच्या वाट्याला 400 येतात. आठवड्यातून पाच दिवस रोज एक किलोमीटर पोहणाऱ्याचा प्रत्येक हात आठवड्याला 2,000 वेळा डोक्यावरून जाऊन पाणी ओढतो. हे काम करणारा सांधा उखळीचा असला तरी त्याची उखळ फार उथळ असते, आणि दंडाच्या हाडाचा गोल तिच्यात नेमका धरून ठेवण्याची जबाबदारी ‘रोटेटर कफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार लहान स्नायूंवर असते. ते थकले की गोल किंचित जागा सोडू लागतो आणि खांद्याच्या वरच्या हाडाखालून जाणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हुळहुळी होते. ‘स्विमर्स शोल्डर’ हे नाव केनेडी आणि हॉकिन्स या अस्थिरोगतज्ज्ञांनी 1974 मध्ये रूढ केले, म्हणजे ही तक्रार डॉक्टरांना नवी नाही. ऑस्ट्रेलियात 13 ते 25 वयोगटातील 80 अव्वल जलतरणपटूंची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले : दहापैकी नऊ जणांनी खांदेदुखी सांगितली, आणि कंडरेतील बिघाडाचा संबंध आठवड्याचे तास आणि किलोमीटर यांच्याशी आढळला. हौशी माणूस एवढे पोहत नाही, हे खरे. पण त्याचे स्नायूही तेवढे तयार नसतात, आणि त्याचा हात बहुधा सदोष पडतो.

दुसरे विधान, म्हणजे दुखरा खांदा आखडलेलाच असतो हे, मला सर्वांत घातक वाटते. खांदा खरोखर आखडण्याचा आजार वेगळा आहे. ‘फ्रोझन शोल्डर’ बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान होतो, मधुमेहींमध्ये अधिक आढळतो, आणि त्याची खूण घरीही पाहता येते : कोपर बरगडीला टेकवून काटकोनात ठेवावे आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्यावा, दुखरा हात दुसऱ्या हाताच्या तुलनेत फारच कमी वळत असेल आणि दुसऱ्याने धरून वळवला तरी वळत नसेल, तर ही शंका घेऊन डॉक्टरांकडे जावे. नियमित पोहणाऱ्या अनेकांचा सांधा याच्या उलट, सरासरीपेक्षा सैल असतो. अशा सांध्याचे हात मागून धरून जोडीदाराने ओढायचे, हा प्रकार काही तलावांच्या काठावर अजून ‘वॉर्म-अप’ म्हणून चालतो, आणि तो बंद व्हायला हवा. अशा खांद्याला ताण देण्याची नव्हे, ताकद देण्याची गरज असते.

ती ताकद मिळवण्याचा मार्ग अगदी साधा आहे. खिडकीच्या गजाला रबरी बँड बांधावा, कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये नॅपकिनची घडी धरावी, आणि ती घडी पडू न देता पंजा सावकाश बाहेर न्यावा आणि तितक्याच सावकाश परत आणावा. याच्या जोडीला फऱ्याची दोन्ही हाडे मागे खेचणारा, बँड ओढण्याचा व्यायाम असावा. गुण यायला काही दिवस नव्हे, काही आठवडे लागतात, आणि नेमके हेच संदेश पुढे ढकलणाऱ्यांना ऐकायचे नसते.

‘तसेच पोहत राहा’ या तिसऱ्या विधानाची उलट बाजूही तितकीच चुकीची आहे. ‘तीन महिने पाण्यात उतरूच नका’ असे सांगितलेला माणूस तीन महिन्यांनी दुबळे स्नायू घेऊन पूर्वीचेच अंतर पोहू लागतो आणि पुन्हा दुखणे ओढवून घेतो. अंतर निम्म्यावर आणावे, बटरफ्लाय आणि पंजाला बांधायची पॅडल्स बाजूला ठेवावीत, आणि दुखणे पोहताना वाढत नाही व दुसऱ्या सकाळपर्यंत उरत नाही एवढ्यापुरते पोहावे, हा मधला मार्ग बहुतेकांना पुरतो. पाय मारण्याचा सराव करताना किकबोर्ड हात ताणून समोर धरू नये, कारण त्या अवस्थेत दुखरा खांदा सतत वर दाबलेला राहतो. पाठीवर पडून, हात अंगालगत ठेवून पाय मारणे अधिक बरे. वेदनाशामक गोळी घेऊन पाण्यात उतरणे सरळसरळ टाळावे. थांबण्याची सूचना देणारी वेदनाच तिने दबते.

याच काळात कुणाला तरी काठावरून मोबाइलवर आपले पोहणे चित्रित करायला सांगावे. पंजा अंगठ्याच्या बाजूने पाण्यात शिरतो का, तो डोक्यासमोरची मधली रेषा ओलांडून पलीकडे जातो का, पाणी ओढताना कोपर पंजाच्या खाली घसरते का, आणि श्वास नेहमी एकाच बाजूने घेतला जातो का, या चार गोष्टी समोरून आणि बाजूने घेतलेल्या एकेका लांबीत दिसतात. बोटे आधी, खांद्याच्या रेषेत आणि तळवा खाली ठेवून पाण्यात घालण्याची सवय लागली, तर खांद्याची आतल्या बाजूची पिळवट बरीच कमी होते.

राहिला एमआरआय. वेदना नसलेल्या खांद्यांतही बिघाड दिसतात, हे या संदेशात कधीच नसते. 40 ते 70 वयाच्या, कोणतीही तक्रार नसलेल्या 51 पुरुषांच्या खांद्यांची सोनोग्राफी करण्यात आली, तेव्हा 96 टक्के जणांत काही ना काही दोष आढळला. हा अभ्यास 2011 चा आहे. म्हणून अहवालातील ‘पार्शियल टिअर’, म्हणजे कंडरा अर्धवट फाटलेली, या शब्दांनी लगेच घाबरण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेबद्दल बोलायचे, तर खांद्याच्या वरच्या हाडाची कड तासण्याची शस्त्रक्रिया ब्रिटनमध्ये नुसती दुर्बीण घालून पाहण्याशी ताडून पाहिली गेली, आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांचा आराम सारखाच निघाला. या चाचणीतले रुग्ण जलतरणपटू म्हणून निवडलेले नव्हते आणि पूर्ण तुटलेल्या कंडरेचा प्रश्न वेगळा आहे. तरीही व्यायामाला काही महिने न देता शस्त्रक्रियेची तारीख घेणे घाईचे ठरते.

पडल्यानंतर हात वर उचलताच येत नसेल, रात्री झोपमोड होण्याइतके दुखत असेल, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, अथवा सांधा गरम होऊन ताप आला असेल, तर वरचे घरगुती उपाय न करता त्वरित तपासून घ्यावे. आणि डाव्या खांद्यात वा दंडात कळ येऊन त्यासोबत घाम फुटला, छाती भरून आली किंवा धाप लागली, तर तो खांद्याचा विषय न मानता पाण्याबाहेर येऊन थेट रुग्णालय गाठावे.