‘चढत नाही, म्हणजे लिव्हर भक्कम’ : धुळवडीच्या मेसेजचा प्रतिवाद

धुळवड जवळ आली की लातूर-धाराशिवकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: वाईट दारू नसते, तिच्यातलं केमिकल असतं. गावची गुळाची नाहीतर मोहाची घ्या, सोबत मटण-भाकरी पोटभर खा, सकाळी भुईआवळ्याचा रस घ्या, लिव्हरला काही होत नाही. आणि ज्याला चढतच नाही, त्याचं लिव्हर तर लोखंडाचं.

केमिकलचं आधी बघू. हातभट्टीत मिथेनॉल आलं तर डोळे जातात, जीवही जातो, हे खरंच. पण लिव्हर बिघडायला भेसळ लागत नाही. गूळ, मोह, उसाची मळी, जव, कशाचीही काढा, नशा इथेनॉलची, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलचीच. ते मोडताना लिव्हरच्या पेशीत अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं आणि प्रथिनांना चिकटून त्यांचं काम बिघडवतं. हे विष पेशी स्वतःच बनवते, बाटली कितीही शुद्ध असो. ४२.८ टक्क्यांच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम इथेनॉल असतं, आणि ८ टक्क्यांच्या मोठ्या बिअरच्या बाटलीत ४०. बिअरला जवाचं पाणी म्हणणाऱ्यांनी हा हिशोब करून बघावा.

‘चढत नाही’ हा मुद्दा मात्र नुसता चूक नाही, पार उलटा आहे. एक तर चढणं-न चढणं हा मुख्यतः मेंदूच्या सवयीचा मामला. दुसरं, रोज पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये सीवायपी२ई१ नावाचं एन्झाइम वाढतं. दारू मोडायची ही नेहमीच्या वाटेखेरीजची दुसरी वाट संशोधक चार्ल्स लिबर आणि डिकार्ली यांनी १९६८ साली दाखवली. तिच्यामुळे दारू लवकर मोडते खरी, पण मोडताना सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे ऑक्सिजनचे चवताळलेले रेणू सुटतात. लोहाशी गाठ पडली की त्यांच्यातून आणखी जहाल रॅडिकल निघतात. पेशीच्या पडद्यातली चरबी मग जुन्या तेलासारखी खवट होते, पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया जायबंदी होतात. या रेणूंना आवरणारं ग्लुटाथिओन दारूच कमी करत जाते. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. वर्षानुवर्षं हे चाललं की जखमेच्या जागी तंतू साठत जातात आणि काहींना पुढे सिरॉसिस होतो, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसतं. गावात ज्याला ‘पचवणारा गडी’ म्हणून मान असतो, त्याच्या पेशींत हा जाळ सगळ्यात जास्त.

आणि हाच गडी सकाळी डोकं धरलं म्हणून मेडिकलवरून पॅरासिटामॉल आणून गोळ्यांवर गोळ्या घेतो. तेच एन्झाइम त्या गोळीचंही विष बनवतं, आणि ते निकामी करायलाही ग्लुटाथिओनच लागतं.

मटणाने काय होतं? दारू रक्तात सावकाश उतरते, एवढंच. मोडावी तेवढीच लागते. लिबर यांनी १९७०च्या दशकात बबून माकडांना सकस आहारासोबत वर्षानुवर्षं दारू दिली, तरी काहींना सिरॉसिस झालाच.

राहिला भुईआवळा. ऑक्सिडेशनने नुकसान होतं तर ते रोखणाऱ्या अँटिऑक्सिडंटने थांबेल, हा तर्क वेडगळ नाही. डॉक्टरांनीही तो करून पाहिला. अल्कोहोलिक हिपॅटायटिसच्या, म्हणजे दारूने लिव्हरला सूज आलेल्या रुग्णांना ‘ई’ जीवनसत्त्व हे अँटिऑक्सिडंट दिलं, पण लिव्हरच्या तपासण्यांत वा मृत्यूंत फरक पडला नाही. आग चालू ठेवून राख झाडण्याचा तो प्रकार. मग ‘भुईआवळ्याच्या पावडरने लिव्हर साफ झालं’ असं सांगणारे खोटं बोलतात का? बहुधा नाही. पावडरवाला पथ्य म्हणून दारू बंद करायला सांगतो. दारू सुटली की लिव्हरवरची चरबी साधारण चार ते सहा आठवड्यांत उतरायला लागते, रस घ्या वा न घ्या, आणि श्रेय पुडीला जातं. अर्थात हे चरबीच्या टप्प्यापुरतं; पोटात पाणी झाल्यावर गणित वेगळं. रोज क्वार्टर घेणाऱ्याने एका दिवसात सगळं तोडूही नये. हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, म्हणून आधी सरकारी दवाखान्यात दाखवून घ्यावं.