रमचा घोट, माकडटोपी आणि वर्धा रोडवरची पहाट

पारा 10 च्या खाली उतरला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज दरवर्षी उगवतो: ‘थंडीत गाडी चालवणाऱ्यांसाठी 6 रामबाण उपाय, सगळ्यांना पाठवा’. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला, त्यात एकदा सख्ख्या मामांकडून. उपाय असे: जाड लोकरी स्वेटर घातला की पुरे, निम्मी उष्णता डोक्यातून जाते, म्हणून हेल्मेटच्या आत माकडटोपी घाला, हातमोज्यांनी ब्रेकची पकड जाते, त्यापेक्षा हात गारठले तर सिग्नलवर इंजिनला शेका, निघताना रमचा एक घोट घ्या, टायरमधली हवा थोडी कमी करा, आणि छातीशी वर्तमानपत्र ठेवा.

मी नागपुरातल्या मानेवाड्याहून वर्धा रोडने बुटीबोरीला फर्स्ट शिफ्टला बाईकने जातो. पहाटे साडेपाचला घर सोडावं लागतं. त्यामुळे या सहाही उपायांशी माझी ओळख जुनी आहे.

स्वेटरपासून सुरू करतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. लोकर ऊब देते ती तिच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. घरात, शेकोटीपाशी, अगदी पायी चालतानाही ती हवा जागेवर राहते. बाईकवर 60 चा वेग धरला की वारा विणीतून आरपार जातो आणि ती कोमट हवा घेऊन जातो. मग स्वेटर दोन बोटं जाड असला काय आणि नसला काय! हवामानशास्त्राच्या नेहमीच्या सूत्रात 8 अंश तापमान आणि ताशी 60 किलोमीटरचा वारा घातला, तर उघड्या कातडीला साधारण 2 अंशांचा गारठा जाणवतो. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर गेला होता. तोच हिशेब त्या पहाटेला लावला तर उत्तर शून्याच्याही खाली येतं.

यावर उपाय नवीन जॅकेटच पाहिजे असं नाही. जुलैत घडी करून कपाटावर टाकलेला रेनकोट काढा आणि स्वेटरवर चढवा, पॅन्टसकट. दिसतं विचित्र. डिसेंबरात कोरड्या रस्त्यावर रेनकोट घातलेला माणूस बघून पहिल्या दिवशी आमचा गेटवरचा वॉचमन म्हणाला, “काऊन भाऊ, बुटीबोरीकडे पाणी आहे का?” आठवडाभरात तोही सायकलवर रेनकोट घालून यायला लागला. तिबेटी बाजारातला स्वेटर आतून राहू द्या, तो त्याचं काम चोख करतो, फक्त वारा अडवायला वर काहीतरी हवं. गळ्याशी जी फट राहते तिथून सगळ्यात जास्त वारा शिरतो. मफलर गुंडाळलात तर त्याची टोकं आत खोचा. चेनमध्ये किंवा चाकात मफलर, ओढणी अडकली तर काय होतं ते लिहीत नाही.

माकडटोपीचं म्हणाल, तर निम्म्या उष्णतेची गोष्ट खोटी आहे. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा, आणि उष्णताही जवळपास त्याच प्रमाणात जाते. बाकी अंग झाकून डोकं उघडं ठेवलं की डोक्यालाच थंडी वाजते, म्हणून आपल्याला ते खरं वाटतं. झाकायला माझी हरकत नाही. पण जाड लोकरी टोपीवर हेल्मेट बसत नाही, नुसतं टेकतं. पट्टा ओढूनही ते डोक्यावर फिरत असेल तर पडल्यावर ते आधी निघून जाणार. पातळ कापडी टोपी मिळते, तोंड-मान झाकणारी, ती घ्या. काचेवर वाफ धरते म्हणून काच वर करून चालवणारे खूप दिसतात. त्यापेक्षा भांड्याच्या साबणाचा एक थेंब आतून चोळून कोरड्या कापडाने पुसा आणि काच किंचित उघडी ठेवा. काळी काच मात्र पहाटे नको.

आता हात. हा मुद्दा मला मेसेजमधला सगळ्यात घातक वाटतो, रमपेक्षाही. मीही तीन हिवाळे मोज्यांशिवाय काढले. गारठलेली बोटं दुखतात, मग दुखायची थांबतात, आणि आपल्याला वाटतं सवय झाली. एकदा जामठ्याच्या अलीकडे कुत्रं आडवं आलं. मी ब्रेक दाबला, म्हणजे दाबला असं मला वाटलं. बोटं लिव्हरवर होतीच, वळली मात्र उशिरा. कुत्रं वाचलं, मी दुभाजकाला घासून थांबलो आणि उजवा आरसा गेला. 60 च्या वेगात गाडी सेकंदाला 16 मीटरहून जास्त जाते. बोटांनी अर्धा सेकंद उशीर केला तर 8 मीटर गेले. जाड मोज्यांनी पकड थोडी कमी होते हे खरं, म्हणून दुकानात मोजे घालून स्वतःच्या गाडीचा क्लच-ब्रेक दाबून बघा, बोटाच्या टोकाशी कापड लोंबत असेल तर ठेवून द्या. फार घट्टही नकोत, रक्त फिरत नाही. पायमोज्यांचंही तेच, दोन जोड कोंबून बूट आवळला की पाय आणखी गार पडतात. आणि इंजिनवर हात शेकायचं ज्याने सुचवलं, त्याला सायलेन्सरचा चटका कधी बसलेला दिसत नाही. थांबायचंच असेल तर टपरीवर थांबा आणि चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरा. अंग थडथडायला लागलं तर थांबाच.

मामांना सगळ्यात राग आला तो रमचा मुद्दा खोडला म्हणून. “फौजेत देतेत ना बे!” देत असतील, पण पिऊन वर्धा रोडवर ट्रकांच्या रांगेत पाठवत नाहीत. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, आतलं गरम रक्त वर येतं, म्हणून गाल तापल्यासारखे वाटतात. तीच ऊब मग वारा घेऊन जातो, आणि अंगाचं आतलं तापमान उतरतं. माणूस गार पडत असतो आणि त्याला गरम वाटत असतं. कायद्याचं वेगळंच: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

टायरची हवा कमी करायची गरजच नाही, थंडी ती आपोआप करते. दुपारी 28 अंशांत भरलेली हवा पहाटे 10 अंशांत दोनेक पीएसआयने उतरलेली असते. त्यात आणखी काढली तर वळणावर गाडी डुलते. गाडी थंड असताना, निघण्याआधी, कंपनीने सांगितलेल्या आकड्याइतकी हवा ठेवा.

राहता राहिलं वर्तमानपत्र. हा उपाय मात्र शंभर टक्के खरा आहे, आणि फुकटही. रेनकोटची चेन लावण्याआधी छातीवर चार घड्या सरकवल्या की वारा अडतो. माझ्या वडिलांनी लुनावर हेच केलं. फक्त शिफ्ट सुटल्यावर दुपारी ऊन लागतं, घाम येतो, आणि कागद काढायचा राहिला तर पांढऱ्या बनियनवर त्या दिवशीचे भाजीपाल्याचे भाव उमटतात.