चुका होतात, मग आपण सगळे आजारी का नाही? – एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

पेशीत प्रथिनं कशी बनतात या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया झोंबली, खोटं कशाला बोलू. पण ती मुद्द्याची आहे आणि चार ओळींत उत्तर देऊन भागणारं नाही, म्हणून वेगळं लिहितेय. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ. जनुकाची आरएनए नावाच्या रेणूतली नक्कल म्हणजे संदेश, तो ए, यू, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला. त्यातल्या तीन-तीन अक्षरांमागे एकेक अमिनो आम्ल ओवत जाणारं पेशीतलं यंत्र म्हणजे रायबोसोम. सरांनी कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलंय आणि त्यांचे आक्षेप दोन आहेत. पहिला असा, की ‘रायबोसोम संदेश वाचतो’ असं लिहून मी रेणूंना डोळे बसवलेत. प्रत्यक्षात अमुक तीन अक्षरांना अमुक अमिनो आम्ल रासायनिक ओढीनं चिकटत असणार, बाकी सगळं कीर्तन. दुसरा असा, की जनुकातलं एक अक्षर बदललं की सिकलसेल हा रक्ताचा आजार होतो असं मी म्हणते आणि त्याच लेखात पुढे म्हणते, की प्रथिन जोडताना पेशी दर काही हजार अमिनो आम्लांमागे एक चूक करते. दोन्ही खरं असेल तर आपण सगळेच आजारी हवेत.

दुसरा आक्षेप मला फार आवडला. पण आधी पहिला घेते, कारण त्यात तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

वॉटसन आणि क्रिक यांनी 1953 मध्ये डीएनएची रचना मांडली. पुढच्याच वर्षी जॉर्ज गॅमॉव या भौतिकशास्त्रज्ञानं अगदी तुमच्यासारखाच विचार केला. डीएनएच्या पिळात शंकरपाळ्याच्या आकाराचे खळगे तयार होतात, ते मोजले तर बरोब्बर वीस प्रकारचे भरतात आणि प्रत्येक खळग्यात त्याच्या मापाचं अमिनो आम्ल जाऊन बसतं, अशी त्याची कल्पना होती. वीस खळगे, वीस आम्लं. इतकं देखणं गणित की ते चुकीचं आहे यावर विश्वास बसू नये. (गॅमॉवनं या विषयावर डोकं खाजवणाऱ्या वीस जणांचा एक क्लबही काढला होता. प्रत्येकाला एकेक नेकटाय आणि एकेका अमिनो आम्लाचं नाव. हौस म्हणजे हौस.)

क्रिकला ते पटलं नाही, आणि कारण रसायनशास्त्राचंच होतं. व्हॅलिन, ल्युसिन, आयसोल्युसिन यांच्या बाजूच्या साखळ्या तेलकट, पाण्याला फटकून वागणाऱ्या. डीएनए-आरएनएच्या अक्षरांकडे मात्र हायड्रोजन बंध जोडणारी टोकं. ही दोन मंडळी एकमेकांना ओळखणार कशी? म्हणून 1955 मध्ये त्यानं त्या क्लबातल्या लोकांना एक टिपण पाठवलं, की मध्ये कुणीतरी दुवा असला पाहिजे. एका टोकाला अमिनो आम्ल धरायचं, दुसऱ्या टोकानं अक्षरांशी जोडी जुळवायची. दोनतीन वर्षांतच बोस्टनमध्ये झामेक्निक आणि होगलंड यांना तो दुवा सापडला. त्यालाच आपण आता टी-आरएनए म्हणतो.

तरीही तुमचा संशय शिल्लक राहू शकतो. टी-आरएनए असेल हो मध्ये, पण शेवटी रायबोसोमवर अमिनो आम्लाची स्वतःची काही ओढ काम करतच असेल! नेमका हाच संशय तपासणारा एक प्रयोग 1962 मध्ये झाला. शापव्हिल, लिपमन, बेंझर आणि त्यांचे सहकारी यांनी केलेला. तो मी मूळ लेखात जागेअभावी गाळला होता, आता सांगते, कारण तो तुमच्याच खात्याचा आहे.

सिस्टीन आणि अॅलनिन ही दोन अमिनो आम्लं डोळ्यांसमोर आणा. सिस्टीनच्या टोकाला गंधक आहे. ते गंधक काढून तिथे हायड्रोजन बसवला की उरतं ते अॅलनिन. आता गंधक काढायला काय वापरतात हे मी तुम्हाला सांगायला नको. रॅने निकेल. या मंडळींनी किरणोत्सारी कार्बनची खूण असलेलं सिस्टीन घेतलं, ते सिस्टीनच्या टी-आरएनएवर रीतसर चढवलं आणि मग तिथल्या तिथे रॅने निकेलनं त्याचं गंधक काढून घेतलं. म्हणजे टी-आरएनए सिस्टीनचा, पण त्याच्या पाठीवर बसलंय अॅलनिन. हा माल त्यांनी ई. कोलाय जिवाणूच्या अर्कात सोडला आणि सोबत यू व जी एवढीच दोन अक्षरं असलेला कृत्रिम आरएनए दिला. त्या संदेशातून सिस्टीन येतं, अॅलनिन एरवी येत नाही. तुमच्या म्हणण्याप्रमाणे आम्लाची ओढ चालत असती तर या तोतयाला दारातच अडवायला हवं होतं. अडवलं नाही. सिस्टीनच्या जागी अॅलनिन गुपचूप साखळीत जाऊन बसलं. पुढच्या वर्षी सशाच्या हिमोग्लोबिनवरही हेच दिसलं.

थोडक्यात, रायबोसोम अमिनो आम्लाकडे बघतही नाही. तो फक्त संदेशातली तीन अक्षरं आणि टी-आरएनएवरची तीन अक्षरं यांची जोडी तपासतो. मात्र ती कसून तपासतो. त्याच्या आरएनएमधली दोन ‘ए’ अक्षरं बाहेर झुकून पहिल्या दोन जोड्यांचा आकार चाचपून बघतात. केंब्रिजमध्ये वेंकी रामकृष्णन यांच्या गटानं 2001 मध्ये हे स्फटिकाच्या चित्रांत दाखवलं. तिसऱ्या जोडीला तो थोडी सूट देतो.

मग अर्थ लावतो कोण? ते काम आधीच, रायबोसोमपासून दूर, उरकलेलं असतं. कोणत्या टी-आरएनएवर कोणतं अमिनो आम्ल चढवायचं हे ठरवणारी एन्झाइम्स असतात, सिंथेटेज नावाची, साधारणपणे प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक. पेशीचा सगळा शब्दकोश या विसेक एन्झाइम्सच्या खाचाखोचांत आहे. त्यातलं अॅलनिनचं एन्झाइम तर कमालीचं आहे. ते टी-आरएनएवरच्या त्या तीन अक्षरांकडे ढुंकूनही पाहत नाही. टी-आरएनएच्या दांड्यातली एक जी-यू जोडी दिसली की ‘हा माझा’ म्हणून अॅलनिन चढवून मोकळं. यामिंग हाउ आणि पॉल शिमेल यांनी 1988 मध्ये ही जोडी दुसऱ्या टी-आरएनएत बसवली, तर त्यावरही अॅलनिन चढलं.

ओढीच्या तर्काला आणखी एक अडचण आहे. यूजीए ही तीन अक्षरं आपल्या पेशीत सहसा ‘थांब’ सांगतात. त्याच पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे तिच्या ऊर्जाघरांत, तीच अक्षरं ट्रिप्टोफॅन आणतात. सीयूजी म्हणजे जवळजवळ सगळीकडे ल्युसिन, पण कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीत बहुतेक वेळा सेरिन. अक्षरं तीच, रसायनशास्त्र तेच, अर्थ वेगळा. तेव्हा ‘वाचतो’ हे क्रियापद मी काढणार नाही. हं, एक गोष्ट तुमच्या बाजूनं नोंदवते. आर्जिनिनला घट्ट धरणारे आरएनए प्रयोगशाळेत निवडून काढले, तेव्हा त्यांत आर्जिनिनची स्वतःची अक्षरं बऱ्याचदा सापडली. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा कोश जमला तेव्हा थोडी ओढ कामी आली असेलही. त्यावर वाद चालू आहेत.

आता दुसरा आक्षेप. इथे गणितच मांडावं लागेल.

लग्नपत्रिकेच्या प्रुफात तारीख चुकली तर पाचशेच्या पाचशे पत्रिका चुकतात, आणि पाहुणे भलत्याच दिवशी दारात. छापताना एखाद्या पत्रिकेवर शाई फाकली तर ती एक वाया जाते. जनुकातला बदल पहिल्या जातीचा, रायबोसोमची चूक दुसऱ्या. एवढं तुम्हीही मान्य कराल, पण तुमचा प्रश्न आकड्यांचा आहे. फाकलेल्या पत्रिका किती?

भरपूर! हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन 141 अमिनो आम्लांच्या (अल्फा) आणि दोन 146 च्या (बीटा), एकूण 574. चुकीचा दर ठिकाणानुसार कमीजास्त होतो, आपण दहा हजारांत एक धरू. म्हणजे शंभरातल्या पाचसहा रेणूंत कुठेतरी एक भलतं अमिनो आम्ल. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू असतात, त्यातले दीड कोटी सदोष. तुमच्या-माझ्या प्रत्येक तांबड्या पेशीत, आत्ता.

पण सिकलसेल व्हायला कुठलीही चूक पुरत नाही. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिनच यावं लागतं. 27 कोटी रेणूंत बीटा साखळ्या 54 कोटी, त्यांपैकी सहावी जागा चुकलेल्या सुमारे 54 हजार. त्यातही त्या जागी व्हॅलिन येण्यासाठी ग्लुटामिक आम्लाच्या जीएजी या तीन अक्षरांमधलं मधलं अक्षर चुकीचं वाचलं जायला हवं, आणि वर सांगितलेली ती दोन ‘ए’ नेमकी तिथेच पहारा देतात. म्हणजे 54 हजारांतलेही थोडेच.

हे थोडे रेणू करणार काय? प्राणवायू सोडल्यावर एका रेणूवरचं ते तेलकट व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खळग्यात अडकतं, त्याला तिसरा चिकटतो, आणि लांब ताठ तंतू तयार होऊन पेशी विळ्यासारखी वाकते. (घ्या, तेलकट साखळी आणि खळगा. गॅमॉवला हवं होतं ते इथे सापडलं, भलत्या ठिकाणी.) पण शेजारी तसाच रेणू असेल तरच तंतू वाढतो. किती असले तरी चालतं याचं उत्तर गडचिरोली-नंदुरबारकडच्या कुठल्याही आरोग्यसेविकेला ठाऊक आहे. ‘एएस’ म्हणजे एक जनुक नेहमीचं आणि एक सिकलचं असलेल्या वाहक माणसाच्या रक्तात सुमारे 40 टक्के हिमोग्लोबिन सिकलचं असतं, आणि तरी तो सहसा ठणठणीत असतो. आजार होतो तो ‘एसएस’ला, जिथे दोन्ही जनुकं सिकलची असतात आणि नेहमीचं हिमोग्लोबिन बनतच नाही. जिथे 40 टक्के पचतात, तिथे 27 कोटींतले काही हजार कुठल्या झाडाचा पाला?

शिवाय चुका पहिल्या झटक्यात जेवढ्या होतात तेवढ्या शेवटपर्यंत टिकत नाहीत. आयसोल्युसिन आणि व्हॅलिन यांच्यात फरक फक्त एका कार्बनचा आणि त्याच्या दोन हायड्रोजनचा. तुम्हीच सांगा, आयसोल्युसिनसाठी घडवलेल्या खाचेत त्याहून लहान व्हॅलिन शिरणार नाही असं होईल का? शिरतंच, शे-दोनशे वेळांत एखादवेळी. पण 1966 मध्ये बाल्डविन आणि बर्ग यांनी दाखवलं, की आयसोल्युसिनचं एन्झाइम चुकून उचललेलं व्हॅलिन टी-आरएनए समोर येताच तोडून टाकतं. तयार प्रथिनात ही चूक मोजली तेव्हा ती तीन हजारांत एकाच्याही आत निघाली. त्यातूनही जी प्रथिनं वेडीवाकडी घडी घेतात, ती पेशी ओळखून मोडीत काढते.

पण सर, तुमचा तर्क इथेच निकालात निघत नाही, आणि म्हणूनच तो मला आवडला. हा चुकांचा दर जरा वाढवला तर?

जिवाणूंवर आपण ते वर्षानुवर्षं करतोय. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला नेमकं त्या तपासणीच्या जागी चिकटतं, वाचन ढिलं पडतं आणि भलतीच प्रथिनं बनू लागतात. त्याच्या मारकपणात या चुकांचा वाटा आहे. प्राण्यांतलं उदाहरण 2006 मध्ये सापडलं. उंदरांच्या एका वाणात अॅलनिनच्या त्याच एन्झाइममध्ये, ज्याचं मी वर कौतुक केलं, एक बारीक बिघाड होता. अॅलनिन चढवण्याचं काम व्यवस्थित. फक्त चुकून चढलेलं सेरिन काढून टाकण्याची ताकद थोडी कमी. बस्स, एवढंच. अशी पिल्लं जन्मतात आणि वाढतात, पण काही आठवड्यांत त्यांचा तोल जायला लागतो, अंग थरथरतं. तपासलं तर लहान मेंदूतल्या पर्किंजी पेशी मरत होत्या, आणि मरण्याआधी त्यांच्यात घडी बिघडलेल्या प्रथिनांचे ढीग साचलेले होते.

तांबड्या पेशीला असल्या ढिगाची चिंता नसते. ती केंद्रक टाकून देऊनच रक्तात उतरते, लवकरच रायबोसोमही टाकते आणि सुमारे 120 दिवसांत मोडीत निघते. पर्किंजी पेशी एकदा गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. त्यामुळे ‘सगळे आजारी हवेत’ हे तुमचं वाक्य हिमोग्लोबिनबाबत चुकतं, त्या उंदरांच्या लहान मेंदूत मात्र ते खरं ठरलं.