'१८ झाले की बाहेर काढा' या मेसेजबद्दल

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. बालगृह, अनाथाश्रम अशा संस्थेत वाढलेली मुलं १८ची झाली की सज्ञान, त्यांना लगेच बाहेर काढा, इतकी वर्षं शिस्तीत राहिलीत म्हणजे नीट जगतील, आणि पुढेही मदत करत बसलात तर फुकटची सवय लागेल, असं त्यात म्हटलंय. वाचून खूप वाईट वाटलं म्हणून लिहितेय.

सज्ञान वगैरे कायद्यात ठीक आहे हो, पण आपल्या घरातला मुलगा १८व्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी भाड्याची खोली बघतो का? आणि बाहेर राहिला तरी नोकरी गेली, आजारी पडला की घरी येतो. संस्थेतून निघालेल्याला परत यायला दारच नसतं.

शिस्तीचा मुद्दा तर मला पूर्ण उलटा वाटतो. तिथे घंटा वाजली की उठायचं, जेवण तयार, दवाखान्यात न्यायला ताई, फॉर्मवर सही अधीक्षकांची, मग त्या मुलीने लाइट बिल कधी पाहिलंय, महिन्याचे पैसे पंधरा दिवसांत संपले तर काय करायचं हे ती कुठे शिकणार? चुकायची संधीच मिळालेली नसते आणि पहिली चूक होते ती थेट एकटी असताना, घरमालक दारात उभा असताना. म्हणून निघायच्या दोन-तीन वर्षं आधीपासून स्वतःचं बँक खातं, स्वतःचा स्वयंपाक, एकटीने डॉक्टरकडे जाणं सुरू व्हायला हवं, आणि कागदपत्रं हातात हवीत, नाहीतर नोकरी, खोली, सिम सगळंच अडतं. युनोच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, तयारी बरीच आधी करा आणि शक्य तिथे प्रत्येकासाठी एक ठरलेला माणूस द्या.

आता फुकटची सवय. अमेरिकेत २००८च्या कायद्याने राज्यांना २१ वर्षांपर्यंत आधार वाढवता येतो, पण त्यासाठी शिकत असावं लागतं, किंवा महिन्याला किमान ८० तास काम, किंवा नोकरीच्या तयारीचा कोर्स, तब्येतीमुळे जमत नसेल तरच सूट. याला आयतं म्हणायचं? इंग्लंडमध्ये २०१७च्या कायद्यानंतर २५पर्यंत सल्लागार मिळू शकतो. आपल्याकडेही २०१५चा बाल न्याय कायदा आहे, त्याच्या नियमांत २१पर्यंत, अपवाद म्हणून २३पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे, फक्त कित्येक मुलांना ते कोणी सांगतच नाही.

शिवाय मदत म्हणजे दरवेळी पैसेच नसतात, भाडेकरार सही करायच्या आधी वाचून देणारं कोणी, रात्री ताप चढला तर फोन उचलणारं कोणी, एवढंही पुष्कळ असतं. ओळखीत कोणी संस्थेतून निघणार असेल तर तो मेसेज पुढे ढकलण्याऐवजी जिल्हा बाल संरक्षण कक्षात तिच्यासोबत जाऊन अनुरक्षणाची चौकशी करा, प्लीज.