हँडलिंग म्हणे!
दुचाकीच्या शोरूमवाल्यांनी पाटी एक्स-शोरूम किमतीची (म्हणजे रोड टॅक्स, नोंदणी, विमा सोडून) लावायची आणि कोटेशनमध्ये खाली हळूच ‘हँडलिंग चार्जेस’ घुसवायचे. कसलं डोंबलाचं हँडलिंग? गाडी शोरूमपर्यंत आणणं हे तुमचंच काम ना! विम्यातही तेच. नव्या दुचाकीला 5 वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) लागतो, कबूल. पण ‘बाहेरून काढतो’ म्हटलं की सेल्समनचा चेहरा पडतो आणि ‘मग डिलिव्हरीला वेळ लागेल हं, सर’ सुरू. एवढी घासाघीस करून सोडतात काय, तर सीट कव्हर. वर हेल्मेट ‘आमच्याकडून गिफ्ट’! अहो, नव्या गाडीबरोबर ते द्यायचंच, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. आणि दसऱ्याला तर बोलायचीच सोय नाही. मुहूर्त आपल्याला गाठायचाय, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.