पाटीवर ६० टक्के, पाकिटावर शून्य

मी बेळगावच्या वडगावात राहते आणि घरात चिवडा-चकली करून विकते. दिवाळीला हाताखाली चार बायका असतात, एरवी मी आणि सासूबाई. वर्षाची उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असली की अन्नसुरक्षेचं साधं रजिस्ट्रेशन पुरतं, खरं पाकिटावर लेबल लावावंच लागतं. काय काय घातलंय, वजन, तारीख, हिरवा ठिपका, सगळं. (‘खरं’ म्हणजे आमच्यात ‘पण’. पुण्याच्या मंडळींनी गोंधळू नये.)

ह्या लेबलापायीच मी ह्या भानगडीत पडले.

लेबलावर नुसतं ‘खाद्यतेल’ लिहून भागत नाही, कुठलं तेल ते लिहायचं असतं. माझा डबा सरकी तेलाचा, म्हणजे कापसाच्या बियांच्या तेलाचा. तसं लिहून छापायला देणार, एवढ्यात धारवाडला शेतकी शिकणारा माझा भाचा चहा पिता पिता म्हणाला, “मावशी, सरकी म्हणजे बीटीच की. ते नको लिहायला?”

मी म्हटलं, बीटी कापूस शेतात, माझ्या कढईत कुठनं आला?

आला ना. बीटी कापसाला परवानगी मिळाली २००२ साली, पहिल्या सहा राज्यांत कर्नाटक होतं. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक कापसात घातला, ती पानं-बोंडं खाल्ली की बोंडअळी मरते, असा तो प्रकार. असं जनुक बदललेलं पीक म्हणजे जीएम, बीटी त्यातलंच एक. आज देशातला ९० टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे. बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या रानात एके काळी जयधर कापूस असायचा, आता तिकडंही बीटीच. रुई जाते गिरणीला आणि सरकी जाते तेलाच्या मिलला. तेल फरसाणात, पेंड म्हशीला. कापूस आपण फक्त अंगावर घालतो असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार पेठेत गेले. नेहमीच्या दुकानदारांना विचारलं, “अण्णा, ह्या डब्यावर जीएम आहे का नाही ते कुठं लिहिलंय?” अण्णांनी डबा फिरवून फिरवून बघितला. तेलकट बोटानं एकेक ओळ वाचली. जीवनसत्त्व अ आहे, ड आहे, हृदयाचं चित्र आहे. “वैनी, सील बघा, तारीख बघा. बाकीचं मिलवाल्याला ठाऊक. आणि असलं विचारत बसलासा तर गिऱ्हाईक पळून जाईल की तुमचं!”

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. त्यावर परत येते.

आधी कायद्याचं. मला वाटलं होतं कायदाच नसेल. आहे की! १ जानेवारी २०१३ पासून पाकिटाच्या दर्शनी बाजूला, सगळ्यात वर ‘जीएम’ ही अक्षरं हवीत, असा नियम केंद्राच्या ग्राहक खात्यानं वजन-मापाच्या नियमांत घातला होता. पुढं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२१ मध्ये नवा मसुदा काढला. एखाद्या घटकात जीएमचा अंश १ टक्का किंवा त्याहून जास्त असेल तर तसं छापायचं. वर्षभरानं तो मसुदा सुधारून परत आला. जुलै २०२४ मध्ये जीएम मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं फुटली, खरं आयात होणाऱ्या जीएम खाद्यतेलाला वेष्टन आणि लेबलाचं कलम पाळा, हेही त्याच निकालात सांगितलं गेलं. मी बाजारात गेले की आता पाकिटं उलटी करूनच बघते, सासूबाई वैतागतात. एकावरही ती अक्षरं मला अजून दिसलेली नाहीत.

आता आपल्या गावाचं बघा. दुकानाच्या पाटीवर कन्नड ६० टक्के पाहिजे, असा कायदा २०२४ ला झाला आणि गल्लीतल्या प्रत्येक दुकानदारानं मनातल्या मनात आपली पाटी मोजली असेल. येळ्ळूरच्या वेशीवरच्या ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेल्या फलकापायी २०१४ साली काय झालं ते इथं कुणाला सांगायला नको. बेळगाव लिहायचं की बेळगावी, ह्यावरून अजून घराघरांत वाद होतात. म्हणजे फलकावर काय लिहिलंय ह्याला किंमत असते, हे आम्हा सीमाभागातल्या लोकांना कुणी शिकवायची गरजच नाही. पिढ्या गेल्या आमच्या त्यात. मग पोरांच्या पोटात जाणाऱ्या पाकिटावर काय लिहिलंय, ह्याबद्दल आम्ही एवढे गप्प कसे?

लगेच सांगून टाकते, जीएम म्हणजे विष असं मी म्हणत नाही. जीएमविरोधी मोहिमेतल्या काही मंडळींशी माझं इथंच वाजतं. कॅन्सर होतो, वांझपण येतं, असले फॉरवर्ड मी पुढं पाठवत नाही. बिनबियांची द्राक्षं जीएम नाहीत, मोठाली टोमॅटो जीएम नाहीत, ती हायब्रीड किंवा कलमाची करामत. बाजारातलं वांगंही जीएम नाही. बीटी वांग्याला मंजुरीच्या उंबरठ्यावर, ९ फेब्रुवारी २०१० ला, तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. बांगलादेशात मात्र २०१४ पासून शेतकरी ते लावतात.

ह्या वांग्याची एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं महिको ह्या बियाणं कंपनीबरोबर ज्या स्थानिक जातींत तो जनुक घातला, त्यांत एक नाव होतं ‘कुडची लोकल’. आपल्या रायबागकडची कुडची! भोगीच्या भाजीत जे वांगं पडतं, देठाला काटे, चिरलं की आत लोण्यासारखं पांढरं, त्या कृष्णाकाठच्या वांग्याचं हे गाव. माझं माहेर तिकडचं, म्हणून मला जरा जास्तच लागलं ते. ते वांगं बाजारात आलं असतं तर भाजीवालीच्या पाटीत हे वांगं कुठलं आणि ते कुठलं, हे ओळखायचं कसं? पाकीट नाही, लेबल नाही. ह्याचं उत्तर माझ्याकडंही नाही.

शिकलेले लोक म्हणतात, रिफाइंड तेलात जनुकही उरत नाही, प्रथिनही उरत नाही, मग लेबल कशाला? बरोबर आहे, जवळजवळ काहीच उरत नाही. खरं हिरवा ठिपका तरी काय सांगतो? हे कुठनं आलं ते सांगतो. जिलेटिन कितीही शुद्ध केलं तरी ते कशाचं, हे आपल्याला कळायला लागतं की नाही? तसंच हे.

शिवाय ह्यात आपल्या शेतकऱ्याचा फायदा आहे, जो कुणी बोलत नाही. चिकोडी-निपाणीकडं सोयाबीन पिकतं. आपल्या देशात जीएम सोयाबीन लावायला परवानगीच नाही, म्हणजे आपलं बिगरजीएम. आणि अर्जेंटिना-ब्राझीलहून जे तेल येतं ते बहुतेक सगळं जीएम सोयाबीनचं. दोन्ही दुकानात एकाच नावानं विकतात, सोयाबीन तेल. आपल्या मालाचं वेगळेपण आपणच झाकून ठेवतोय.

आता अण्णांचं गिऱ्हाईक पळायचं. मागच्या दिवाळीला मी एक करून बघितलं. चिवड्याची दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. एक शेंगतेलातलं, किलोमागं ४० रुपये जास्त. दुसरं सरकी तेलातलं, आणि त्याच्या पुढं पुठ्ठ्यावर हातानं लिहिलं, ‘हे तेल बीटी कापसाच्या सरकीचं असू शकतं.’ पहिल्या दिवशी छातीत धडधड होती. एका काकूंनी चष्मा वर करून पुठ्ठा वाचला, दोन्ही पाकिटांचा भाव विचारला आणि सरकीतलं अर्धा किलो घेतलं. जाताना म्हणाल्या, “लिहिलंस ते बरं केलंस गं.” कुणी पळालं नाही. काहींनी शेंगतेलातलं घेतलं, बऱ्याच जणांनी स्वस्तातलं. एका साहेबांनी मात्र मला अर्धा तास विज्ञान शिकवलं आणि काहीच घेतलं नाही.

त्यानंतर आम्ही चौघीपाचजणी सह्या गोळा करायला लागलो. पहिलं भांडण काय झालं असेल? कागदावर मराठी वर की कन्नड वर! शेजारच्या कन्नड शाळेतल्या बाईंनी मजकूर सुंदर उतरवून दिला होता, त्याही अडून बसल्या आणि आमच्यातल्या एकीनंही हट्ट सोडला नाही. शेवटी कागदाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. पुढची बाजू कुठली हे ज्यानं त्यानं ठरवावं. सह्या करताना लोक कागद उलटा करून दोन्हीकडं बघतात आणि हसतात.

मागणी एकच, बंदी नाही, तेलाच्या डब्यावर आणि पाकिटावर स्पष्ट ओळ. ज्यांना घरात बसून काही करायचंय त्यांनी आपल्या खासदाराला पत्र लिहा, कुठल्याही भाषेत. रविवारी सकाळी आम्ही वडगावात भाजीवाल्यांच्या शेजारी टेबल टाकून बसणार आहोत. येताना पेन घेऊन या, मागच्या वेळी माझी तीन पेनं गेली.